चार पॅन, एक घर: रिटर्न स्वस्तात भरायचं म्हणजे नेमकं काय?

कराडमधलं एक कुटुंब. घरात पॅन कार्डं चार. सर अनुदानित माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले, वय ६७. काकू ६२ वर्षांच्या, नोकरी कधी केलेली नाही. मुलगा पुण्यात इंजिनीअर. सून पुण्यातल्या राहत्या घरातून डबे देते आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. २०२४-२५ या आर्थिक वर्षाची आयकराची रिटर्न भरायची होती आणि घरातला प्रश्न वरवर सरळ होता: कोणाकडून भरून घेतली तर स्वस्त पडेल? माझा या घराशी संबंध शेजारपणाचा. हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाकडे जून महिन्यात असे प्रश्न चहाबरोबर येतातच. खाली दिलेले आकडे ओळख पटू नये इतपत इकडेतिकडे केले आहेत, हिशेब मात्र खरा आहे.

पर्याय चार होते. पहिला, स्टँडजवळचा टॅक्सवाला. तो सीए नाही, पण पाटी मोठी आहे. माणशी ७०० रुपये, काकूंचे ४००, शिवाय रिफंड आला तर त्याचे दहा टक्के. दुसरा, पुण्यातल्या ओळखीच्या सीए बाई. त्यांनी चौघांचे मिळून ६,५०० सांगितले होते. तिसरा, एक खासगी संकेतस्थळ. पहिल्या पानावर 'मोफत', पण मुलाचे दोन फॉर्म १६ (कंपनी देते तो पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि सुनेचा व्यवसाय म्हटल्यावर आकडा चार हजारांच्या जवळ गेला. चौथा, आयकर खात्याचं स्वतःचं पोर्टल, ज्याला एक पैसाही लागत नाही.

सरांचा कल ठरलेला होता. "सातशेत काम होतंय. आपण करायला जायचं आणि एखादा रकाना चुकायचा, मग नोटीस आली की धावाधाव." हे बोलणं कंजूसपणाचं नाही, भीतीचं आहे. पस्तीस वर्षं पोरांचे पेपर तपासलेला माणूस सरकारी फॉर्मपुढे असा बिचकतो, कारण चूक झाली तर काय होतं हे त्याला कोणी धड सांगितलेलं नसतं. या धंद्यातले बरेच जण त्याच भीतीवर जगतात.

मी म्हटलं, आधी भरणारा ठरवायला नको. आधी बघू, रिटर्न कोणाचं लागतंय, कोणता फॉर्म लागतोय, आणि अडचण नेमकी कुठे आहे.

ओटीपी भलतीकडेच

पोर्टल उघडलं. सरांचा पॅन टाकला. पासवर्ड अर्थातच टॅक्सवाल्याकडे. 'पासवर्ड विसरलात' वर गेलो, तर ओटीपी ज्या मोबाइलवर जाणार होता त्याचे शेवटचे आकडे घरातल्या कोणाच्याच नंबरचे नव्हते. ईमेलचंही तेच. चौघांच्या चारही खात्यांवर संपर्क म्हणून टॅक्सवाल्याचा नंबर आणि त्याने उघडलेले ईमेल. म्हणजे खात्याने काही विचारलं असतं, तर ते या घरापर्यंत पोहोचलंच नसतं.

सुटका आधारच्या ओटीपीने होते, पण सरांच्या आधारला जोडलेला नंबर सात वर्षांपूर्वी बंद पडलेला. त्यासाठी आधार केंद्रात जाऊन ५० रुपये भरून नंबर बदलून घ्यावा लागला आणि तो चढायला काही दिवस गेले. मग पासवर्ड बदलला, प्रोफाइलमध्ये स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकला, बँक खातं प्रमाणित केलं. या सगळ्या खटाटोपात जेवढा वेळ गेला तेवढा सरांचं रिटर्न भरायलाही लागला नाही. तरी मी म्हणेन की पूर्ण प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम हेच झालं. रिटर्न कोणाकडूनही भरून घ्या, कुलपाची किल्ली घरात पाहिजे.

सर

सरांचं पेन्शन, सातव्या वेतन आयोगाच्या फरकाच्या हप्त्यासकट, ५,३०,००० रुपये. स्वतःच्या मुदत ठेवींचं व्याज १,१०,०००. बँकेने त्यावर दहा टक्क्यांनी ११,००० रुपये टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) कापलेला, कारण एप्रिलमध्ये १५एच, म्हणजे 'मला कर बसत नाही, कापू नका' असं सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म, द्यायचा राहून गेला. टॅक्सवाल्याचं म्हणणं होतं की फरकाची रक्कम आल्यामुळे फॉर्म १०ई भरावा लागेल, ते किचकट काम आहे, त्याचे ५०० वेगळे.

१०ई हा फॉर्म खरा आहे. मागच्या वर्षांची थकबाकी एकाच वर्षी हातात पडली आणि त्यामुळे कर वाढला, तर कलम ८९ खाली सूट मिळते आणि त्यासाठी रिटर्नच्या आधी १०ई भरावाच लागतो. पण कर वाढला तर! नव्या कररचनेत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) २०२४-२५ साठी पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट होती आणि करपात्र उत्पन्न सात लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए मुळे कर शून्य. सरांना करच लागत नव्हता. जो कर नाही त्यावर सूट कसली मागायची? जुन्या रचनेत मात्र ८०टीटीबीचे (ज्येष्ठांना व्याजावर मिळणाऱ्या वजावटीचे) ५०,००० आणि विम्याचा हप्ता वजा करूनही कर बसत होता. नवी रचना, आयटीआर-१ (रिटर्नचा सगळ्यात साधा फॉर्म), ११,००० पूर्ण परत. १०ईचे पाचशे वाचले.

पुढच्या वर्षीसाठी एकच चिठ्ठी कॅलेंडरला लावली: एप्रिलमध्ये १५एच. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी व्याजावरच्या टीडीएसची मर्यादा ५०,००० वरून एक लाखावर गेली आहे, पण सरांचं व्याज त्याच्याही वर जातं.

काकूंच्या नावावरचे बारा लाख

निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतले बारा लाख सरांनी काकूंच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले होते. ८.२ टक्के दराने वर्षाला ९८,४०० रुपये व्याज, दर तिमाहीला २४,६०० खात्यात. काकूंनी पोस्टात १५एच दिलेला, त्यामुळे टीडीएस नाही. टॅक्सवाला दरवर्षी काकूंचं वेगळं रिटर्न भरायचा, त्यात हे व्याज दाखवायचा, कर शून्य, चारशे रुपये.

नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर त्या देण्यावर कर नाही. पण त्या पैशांतून जे उत्पन्न येतं ते कलम ६४ प्रमाणे नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचं असतं. सुनेच्या नावाने ठेवले तरी तोच नियम. सज्ञान मुलाच्या नावाने ठेवले तर मात्र व्याज मुलाचं. हे सांगितल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नावावरचे पैसे माझे नाहीतच होय?" पैसे तुमचेच, काकू, फक्त व्याजाचा हिशेब सरांच्या पानावर. त्यांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. मलाही दरवेळी पटतं असं नाही.

सरांचा चेहरा उतरला होता, कारण ९८,४०० मिळवले की कर लागणार असं त्यांनी गृहीत धरलं. बेरीज केली. ५,३०,००० अधिक १,१०,००० अधिक ९८,४०० म्हणजे ७,३८,४००. त्यातून ७५,००० गेले, राहिले ६,६३,४००. सात लाखांच्या आत. कर तरीही शून्य. म्हणजे इतकी वर्षं चुकीच्या पॅनवर दाखवलेलं व्याज बरोबर जागी आणायला यंदा एक रुपयाही पडला नाही. टीडीएस कापलेला नसल्यामुळे आयटीआर-१ सुद्धा बदलावा लागला नाही. काकूंच्या पॅनवर टीडीएस असता तर सरांना आयटीआर-१ चालला नसता आणि काम एका पायरीने वाढलं असतं.

काकूंचं रिटर्न मग लागतच नाही. त्यांच्या एआयएसमध्ये (खात्याकडे जमा झालेल्या माहितीचा पोर्टलवरचा उतारा) व्याजाची नोंद दिसते, तिथे 'ही माहिती दुसऱ्या पॅनशी संबंधित आहे' असा अभिप्राय देता येतो, तो दिला. चाराची तीन झाली. स्वस्तात भरण्याचा पहिला मार्ग म्हणजे जे भरायची गरज नाही ते न भरणं, पण ही गोष्ट दर रिटर्नमागे पैसे घेणारा माणूस सांगेल कशाला?

मुलाचे दोन फॉर्म १६

मुलाने सप्टेंबर २०२४ अखेर नोकरी बदलली. पहिल्या कंपनीत सहा महिन्यांचे ५,४०,०००, दुसरीकडे ६,६०,०००. एकूण बारा लाख. पहिल्या कंपनीने वर्षभराचा अंदाज धरून २६,३९० रुपये टीडीएस कापला. दुसऱ्या कंपनीला आधीच्या पगाराची माहिती फॉर्म १२बी भरून द्यायची असते, ती त्याने दिली नाही. तिच्या लेखी या माणसाचं वर्षाचं उत्पन्न ६,६०,०००, म्हणून टीडीएस शून्य. दोन्ही कंपन्यांनी प्रमाणित वजावट दिली, दोन्हींनी खालचा करमुक्त टप्पा दिला. सहा महिने हातात पगार जास्त आला आणि नव्या कंपनीत चांगलं चाललंय असं वाटत राहिलं.

एकत्र हिशेब असा: १२,००,००० वजा ७५,०००, करपात्र ११,२५,०००. नव्या रचनेत कर ६८,७५०, चार टक्के उपकर धरून ७१,५००. भरलेले २६,३९०. बाकी ४५,११०, शिवाय आगाऊ कर न भरल्याचं कलम २३४बी आणि २३४सी चं व्याज, मिळून सुमारे ४८,७००. जुनी रचनाही मांडून पाहिली. महिना १६,००० भाड्यावर घरभाडे भत्त्याची सूट, ८०सी चे (बचत-गुंतवणुकीचे) पूर्ण दीड लाख, विम्याचे २५,००० असं सगळं खरंखुरं धरून कर ८३,००० च्या वर जात होता. नवीच बरी.

त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढवल्याचं मे महिन्यातच जाहीर झालं होतं (शेवटी आणखी एक दिवस मिळाला). मुलगा म्हणाला, "मग सप्टेंबरात भरू." रिटर्नची तारीख पुढे गेली म्हणून २३४बी चं व्याज थांबत नाही, ते दरमहा एक टक्क्याने चालूच राहतं. जूनऐवजी सप्टेंबर म्हणजे साडेतेराशे रुपये जास्त. त्याने जूनमध्येच कर भरला. टॅक्सवाल्याच्या फीच्या जवळपास दुप्पट रक्कम एवढ्यातच वाचली.

त्याने एका म्युच्युअल फंडाची जुनी युनिट्स विकली होती, नफा ३८,०००. आदल्या वर्षापर्यंत एवढ्यासाठीसुद्धा आयटीआर-२ लागायचा आणि तिथे फी वाढायची. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ (म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नाचं रिटर्न) पासून कलम ११२ए चा (शेअर आणि इक्विटी फंडांवरचा) दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आत असेल आणि पुढे ओढायचा तोटा नसेल, तर आयटीआर-१ चालतो. पोर्टलवर दोन्ही कंपन्यांचा पगार आणि टीडीएस भरलेलाच आला. फॉर्म १६ शी ताडून पाहिला, प्रमाणित वजावट एकदाच घेतल्याची खात्री केली, संपलं.

पण त्याचं खरं दुखणं मागच्या वर्षात होतं. लॉगिन हातात आल्यावर करनिर्धारण वर्ष २०२४-२५ चं रिटर्न उतरवून घेतलं आणि पोटात गोळा आला. राजकीय पक्षाला देणगी, कलम ८०जीजीसी, एक लाख. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या कर्जाचं व्याज, कलम ८०ईईबी, चाळीस हजारांच्या वर. याच्या दारात पेट्रोलची स्कूटर उभी आहे, तीही सासऱ्यांनी दिलेली! कोणत्या पक्षाला देणगी दिली हे त्यालाही ठाऊक नाही. रिफंड ३१,००० आला होता आणि त्यातले ३,१०० टॅक्सवाल्याने रोख नेले होते. "तो म्हणाला होता, सगळेच घेतात, मला वाटलं कायद्यात बसत असेल." सही याची, पॅन याचा, जबाबदारीही याचीच. टॅक्सवाल्याचं नाव त्या रिटर्नवर कुठेच नाही.

२०२५ च्या जुलैत १४ तारखेला आयकर खात्याने खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांवर देशभर कारवाई सुरू केली. खात्याच्या निवेदनात होतं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले. असे मध्यस्थ तात्पुरते ईमेल उघडून ढिगाने रिटर्न भरतात आणि मग नोटिसा कोणी वाचतच नाही, असंही त्यात म्हटलं होतं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा मुलगा काही बोलला नाही, सर उठून आत गेले.

पैसे मोजले ते इथे

इथपर्यंत मी 'पोर्टलवर स्वतः भरा' याच बाजूचा होतो. मागच्या वर्षीच्या या भानगडीत मात्र मी हात घातला नाही. सुधारित रिटर्नची वाढवलेली मुदतही १५ जानेवारी २०२५ ला संपली होती. उरलं होतं अद्ययावत रिटर्न, आयटीआर-यू. त्यात रिफंड मागता येत नाही, फक्त जास्तीचा कर भरता येतो. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत भरलं तर कर आणि व्याज यांच्या बेरजेवर २५ टक्के जादा, पुढच्या वर्षी ५० टक्के, आणि तसंच वाढत जातं. ३१,००० परत, त्यावर व्याज, वर पाव भाग, असं मिळून चाळीस हजारांच्या पुढे. उलट खात्याने आधी पकडलं, तर खोटी माहिती दिल्याबद्दल कलम २७०ए खाली कराच्या दोनशे टक्के दंड होऊ शकतो.

त्याच पुण्याच्या सीए बाईंकडे मुलाला पाठवलं, पण चौघांची पिशवी घेऊन नव्हे, हा एकच कागद घेऊन. त्यांनी सल्ला आणि आयटीआर-यू मिळून ३,००० घेतले. त्यांना कलम ६४ बद्दलही विचारलं. त्यांनी सरांचं भरलेलं रिटर्न नजरेखालून घातलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. माझ्या मते सीएची फी अशा ठिकाणी मोजावी, जिथे आपल्याला प्रश्नच नीट मांडता येत नाही. आयटीआर-१ मध्ये आधीच भरून आलेले आकडे पुन्हा टंकण्यासाठी ती मोजणं म्हणजे चांगल्या डॉक्टरकडे वजन करायला जाणं.

सुनेचे डबे

हे रिटर्न सगळ्यात छोटं आणि सगळ्यात जास्त चर्चेचं. वर्षाची जमा ५,६०,०००: यूपीआयवर ४,२०,०००, रोख १,४०,०००. कलम ४४एडी खाली वह्या-पुस्तकं न ठेवता अंदाजे नफा दाखवता येतो, बँकेतून आलेल्या जमेवर किमान सहा टक्के, रोखीवर आठ. म्हणजे २५,२०० अधिक ११,२००, एकूण ३६,४००. त्या वर्षीच्या तीन लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आत असल्यामुळे कर नाही, आणि खरं तर रिटर्नही सक्तीचं नाही. टॅक्सवाल्याने आदल्या वर्षी अशाच किमान टक्क्यांवर भरून दिलं होतं.

पण सुनेला मोठा गॅस, कणीक मळायचं यंत्र आणि डीप फ्रीजर घ्यायचा होता, त्यासाठी बँकेत कर्ज मागायचं होतं. वर्षाला ३६,४०० कमावणारीला बँक कर्ज कशाला देईल? तिची वही मागवली. लांबट वही, डावीकडे डब्यांचे खाडे, उजवीकडे किराणा, भाजी, गॅस, पोरांना दिलेले डिलिव्हरीचे पैसे. मांडणी ओबडधोबड, पण एक महिना चुकलेला नाही. खर्च वजा जाता १,७०,००० च्या आसपास हातात राहत होते. कायदा किमान टक्के सांगतो, प्रत्यक्षात जास्त मिळालं तर जास्तच दाखवायचं असतं. १,७०,००० दाखवले, तरीही कर शून्य, आणि बँकेपुढे ठेवायला खरा आकडा मिळाला.

आयटीआर-४ मध्ये (अंदाजे नफा दाखवणाऱ्यांचा फॉर्म) येणे, देणे, शिल्लक माल आणि हातातली रोकड एवढे चार आकडे विचारतात. येणं होतं दोन कॉलेजच्या पोरांचं, मार्चच्या डब्यांचं. नवी कररचना आपोआपच लागू असते, त्यामुळे १०-आयईए फॉर्मची भानगड नाही; तो व्यवसाय असणाऱ्यांनी जुनी रचना निवडली तरच लागतो. तिच्या यूपीआयवर नवऱ्याने घरखर्चाला टाकलेले पैसे आणि डब्यांचे पैसे एकत्र येत होते, ते वेगळे काढताना दोन संध्याकाळी गेल्या. आता तिने डब्यांसाठी चालू खातं वेगळं उघडलं आहे.

खर्चाचा ताळा मांडायचा तर यंदा टॅक्सवाल्याकडे चौघांची फी, १०ई आणि रिफंडचे दहा टक्के मिळून चार हजारांच्या जवळ गेले असते, आणि मुलाच्या रिटर्नमध्ये पुन्हा एखादी विजेची गाडी आली असती. प्रत्यक्षात आधारचे ५० आणि सीए बाईंचे ३,०००. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर फरक हजारभराचा दिसतो. तीन हजारांतले सगळेच्या सगळे मागच्या वर्षीच्या सातशे रुपयांची परतफेड आहेत, हे धरलं तर यंदाच्या तीन रिटर्नांचा खर्च पन्नास रुपये. हे सगळ्या घरांना लागू पडेल असं नाही. मुलाने वायदेबाजारात सौदे केले असते, किंवा सरांनी गावाकडची जमीन विकली असती, तर मी पहिल्याच दिवशी सीएकडे जा म्हटलं असतं.

रिटर्न भरल्यावर तीस दिवसांत पडताळणी करावी लागते, नाहीतर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. ती तिघांनी आधारच्या ओटीपीने लगेच केली. सरांचे ११,००० जुलैत खात्यावर आले. मुलाचं आयटीआर-यू ऑगस्टमध्ये गेलं, पैसे भरायला त्याने एक ठेव मोडली. सुनेच्या बँकेने दोन वर्षांची रिटर्न मागितली आहेत. मागच्या वर्षीचं किमान टक्क्यांचं रिटर्न त्यांना अपुरं वाटतंय, त्यामुळे फ्रीजर बहुधा पुढच्या दिवाळीलाच येईल.